घर हॅक झाल्याचा संशय: रिसेटच्या आधीची तयारी

कॅमेरा आपोआप फिरला, रात्री दोन वाजता दिवे लागले, 'नवीन डिव्हाइसवरून लॉगिन' असा मेल आला, की हात आधी राउटरच्या रिसेटकडे जातो. तो आवरा. रिसेटने राउटरमधल्या नोंदी पुसल्या जातात, म्हणजे पोलिसांना दाखवायला काही उरत नाही. शिवाय नेटवाल्याने भरलेलं पीपीपीओई, म्हणजे नेट जोडणीसाठीचं, युजरनेम आणि पासवर्डही उडतो, मग त्याचा माणूस येईपर्यंत घर नेटशिवाय.

मात्र खात्यातून पैसे गेले असतील तर पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी 1930 लावा, मग बँक. व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेच्या संदेशातला व्यवहार क्रमांक), रक्कम आणि वेळ डोळ्यांसमोर हवी. चूक तुमची किंवा बँकेची नसताना बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या 2017च्या नियमाप्रमाणे नुकसान तुमच्या माथी येत नाही. ओटीपी स्वतःच सांगून बसलात, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून मिनिटं मोजायची.

बाकीच्यांनी सामान जमवावं. एक वही, कारण नवे पासवर्ड संशयित फोनमध्ये लिहून ठेवण्यात अर्थ नाही. ज्यावर संशय नाही असा एक फोन किंवा लॅपटॉप, तोही घरच्या वाय-फायवर नव्हे, मोबाइल डेटावर. सिम काढायची पिन आणि दोनेक मीटर लॅन केबल. राउटर उलटा करून तळाच्या स्टिकरचा फोटो घ्या: त्यावर लॉगिनचा पत्ता, बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1, आणि कारखान्यातला पासवर्ड असतो. तोच अजून चालत असेल तर निम्मं कोडं तिथेच सुटलं. 2016 साली मिराई नावाच्या व्हायरससारख्या प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे आणि राउटर असल्याच पासवर्डांवर काबीज केले होते.

आता जरा थांबून खात्री करा. लाइट जाऊन आली की बरेच स्मार्ट बल्ब आपसूक पेटतात आणि फिरता कॅमेरा सुरू होताना एकदा डावी-उजवीकडे मान वळवतो. ते भूत नव्हे. उंच इमारतीत शेजारपाजारचे वीस-पंचवीस वाय-फाय एकाच चॅनलवर गर्दी करतात, त्यानेही कॅमेरा तुटक चालतो, 2.4 गिगाहर्ट्झवर 1, 6 किंवा 11 यातला मोकळा चॅनल निवडून बघा. खरा पुरावा ॲपमधल्या लॉगिनच्या यादीत आणि 'शेअर केलेले युजर'मध्ये सापडतो. तिथे अनोळखी नाव दिसलं, तर तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट घ्या, कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून वेगळं ठेवा, राउटरला जोडलेल्या उपकरणांच्या यादीचाही फोटो काढा.

कॅमेऱ्याची भीती जास्त वाटते, पण खरी किल्ली ईमेल. सगळ्या पासवर्डांच्या रिसेटच्या लिंका तिथेच येतात, म्हणून सुरुवात तिथून, आणि स्वच्छ उपकरणावरूनच. नाहीतर नवा पासवर्ड चोराच्याच हातात. पासवर्ड बदलून थांबू नका. जीमेल संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडून 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर' बघा. फोनच्या ॲपमध्ये हे दिसत नाही, म्हणून लोक हमखास चुकतात. बँकेचे मेल परस्पर दुसरीकडे पाठवणारा किंवा थेट कचऱ्यात टाकणारा एक फिल्टर पुरतो. पासवर्ड बदलला तरी तो तसाच चालू राहतो. रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल तुमचाच आहे ना, तेही तपासा. मग टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, चालू करा. त्या कोडसाठी एसएमएसपेक्षा फोनवरच कोड बनवणारं ऑथेंटिकेटर ॲप बरं.

फोनमध्ये व्हॉट्सॲपचे 'लिंक्ड डिव्हाइसेस', ॲक्सेसिबिलिटीची (स्क्रीन वाचण्याची आणि चालवण्याची) परवानगी मिळालेली ॲप्स, आणि कुणाच्या सांगण्यावरून टाकलेलं रिमोट स्क्रीनचं ॲप किंवा एपीके (प्ले स्टोअरबाहेरून आलेली ॲपची फाइल) हे शोधून काढा. तुमचे कॉल कुणी दुसऱ्या नंबरवर वळवले असतील, तर ##002# डायल केलं की ते कॉल फॉरवर्डिंग बंद होतं.

आता राउटर. नेटवाल्याकडून पीपीपीओईची माहिती आधी वहीत उतरवून घ्या. मग वीज चालू ठेवून पिनने साधारण दहा सेकंद रिसेट दाबा, लॅन केबल लावून ॲडमिन पासवर्ड बदला, फर्मवेअर (राउटरचं आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडणी), यूपीएनपी (उपकरणांनी स्वतःच बाहेरची वाट उघडणं) आणि रिमोट मॅनेजमेंट (घराबाहेरून राउटर चालवणं) बंद. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड दोन्ही नवे. जुनेच ठेवले तर उपकरणं पटकन जोडली जातात खरी, पण घुसलेला माणूसही तितक्याच पटकन परत येतो. शेजाऱ्यांना आणि क्लासच्या मुलांना गेस्ट नेटवर्क (त्याच राउटरवरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय) द्या, बल्ब-कॅमेऱ्यांनाही तेच. जोडताना बल्ब सापडत नसेल तर बहुधा राउटरचं 2.4 गिगाहर्ट्झ बंद असतं.

तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इनवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करा. मुंबईत पाचही प्रादेशिक विभागांना स्वतःचं सायबर पोलीस ठाणं आहे. स्क्रीनशॉट छापून न्या, मेमरी कार्ड सोबत असू द्या, आणि पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका.

लिव्ह अँड लायसन्सवर आलेल्यांनी एक जास्तीचं काम करायचं. आधीच्या भाडेकरूच्या खात्याला जोडलेला कॅमेरा नुसता रिसेट करून काही वेळा सुटत नाही, त्याच्याच ॲपमधून काढावा लागतो. मालकामार्फत ते करून घ्या. तोवर कॅमेऱ्याचा प्लग काढून ठेवा आणि स्मार्ट लॉकमधले जुने कोड व बोटांचे ठसे पुसून टाका.