जुन्या दुमजली घरातला डक्टचा एसी बदलताना या चुका टाळा

किनाऱ्यावरच्या एसीला उन्हाइतकंच हवेतल्या पाण्याशी झुंजावं लागतं. जुलैत रत्नागिरी-मालवणकडे पारा जेमतेम २८-२९ वर असतो, तरी खोलीत बसवत नाही, कारण हवा ओलीकच्च असते. मशीन बदलताना हेच विसरलं जातं. नवं युनिट येतं. डक्ट (हवा नेणारी पत्र्याची वाहिनी), ड्रेन आणि वायरिंग मात्र जुनंच राहतं. मग पहिल्या पावसाळ्यातच गाद्या ओलसर लागतात आणि छताला काळे डाग पडतात.

‘थोडं मोठंच घेऊ’

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. गरजेपेक्षा मोठं मशीन पाच-सात मिनिटांत खोली थंड करून बंद पडतं. तेवढ्या वेळात कॉइल (हवा थंड करणारी नळ्यांची जाळी) नुसती ओली होते, ड्रेनमधून पाणी बाहेर पडायला लागतच नाही. वर पंखा सतत चालू ठेवण्याची सेटिंग असेल, तर कॉइलवरचं तेच पाणी पुन्हा हवेत मिसळतं. खोली थंड, पण चादर दमट.

जुन्या मशीनच्या प्लेटवरचे टन (थंड करण्याची क्षमता) बघून ऑर्डर देऊ नका. छत, पश्चिमेच्या खिडक्या आणि राहणारी माणसं धरून प्रत्येक मजल्याचा हीट लोड (मशीनला काढावी लागणारी उष्णता) वेगळा काढून घ्या. इन्व्हर्टर मशीन कमी वेगावर बराच वेळ चालतं, म्हणून ओलावा काढायला ते बरं. एका टनाला ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा हा नेहमीचा हिशोब. आपल्याकडे तो ३५० च्या आसपास ठेवायला सांगा. हवा हळू गेली की कॉइल जास्त थंड राहते आणि पाणी जास्त सुटतं. पंखा ‘ऑटो’वरच ठेवा. आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो, तो खोलीत टांगा. २५-२६ अंशाला आर्द्रता ५० ते ६० टक्के आली तर मशीनचं माप बरोबर. तासाभरानंतरही ७० च्या वरच असेल, तर मशीन मोठं आहे किंवा बाहेरची हवा कुठून तरी आत येते आहे.

ती बहुधा कौलांतून येते. मंगलोरी कौलांखाली घट्ट सीलिंग नसेल, तर आधी ते करा. भिंतीचा माथा आणि वासे यांच्यातल्या फटी बुजवा. साधा जिप्सम बोर्ड दमटपणाने खाली झुकतो. कॅल्शियम सिलिकेटचे बोर्ड टिकतात.

माळ्यावरचे जुने डक्ट तसेच ठेवणं

आधी माप तपासा. उदाहरणार्थ, साडेपाच टनाला ३५० प्रमाणे सुमारे १,९२५ सीएफएम हवा लागते. मुख्य डक्ट २४ बाय १२ इंच असेल, तर हवेचा वेग मिनिटाला साधारण ९६० फूट पडतो, तो चालतो. जुना डक्ट १८ बाय १० चा असेल, तर तोच वेग १,५०० च्या वर जातो. मग ग्रिल शिट्टी मारते आणि शेवटच्या खोलीत हवाच पोचत नाही.

दुसरं, घाम. डक्टमधली हवा १३-१४ अंशांची, तर पावसाळ्यात माळ्यावरच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला वाफेचं पाणी होतं) २४-२५ च्या घरात. उघडा राहिलेला प्रत्येक इंच पत्रा ठिबकणारच. जुनं ग्लासवूल एकदा भिजलं की निकामी होतं. ते काढून नायट्राइल रबराचं इन्सुलेशन लावा. खाली १९ मिमी चालेल. माळ्यावर २५ मिमीच घ्या आणि सांधे चिकटवून वर टेप मारा. टांगणीच्या पट्टीखाली इन्सुलेशन दबतं आणि तिथूनच थेंब सुरू होतात, म्हणून पट्टीखाली लाकडी ठोकळा द्या.

छतावरचा डाग पाहून लोक आधी कौलं बदलायला निघतात. पाऊस नसतानाही एसी चालू असताना डाग वाढत असेल, तर तो डक्टचा घाम आहे. एसी बंद असताना पावसात वाढत असेल, तर कौलं बघा.

खोलीतली हवा मशीनकडे नेणाऱ्या परतीच्या डक्टची गळती पटकन लक्षात येत नाही. मशीन चालू ठेवून सांध्यांजवळ पेटती उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला, तर तिथून माळ्यावरची गरम, दमट हवा आत शिरते आहे. कापडी टेप इथे टिकत नाही. मास्टिक (सांधे बुजवणारी लुकण) लावा.

दोन मजल्यांना एकच थर्मोस्टॅट

वरच्या मजल्यावर कौलं तापतात, खाली जाड चिऱ्याच्या भिंती थंड राहतात. थर्मोस्टॅट माजघरात असेल, तर वरचे घामाघूम. वर असेल, तर खालचे गारठतात. दोन मजल्यांना दोन स्वतंत्र मशीनं हा सरळ उपाय आहे.

जुनी कॉपर आणि घाईची गॅस भरणी

आर-२२ या जुन्या गॅसवर चालणारी नवी मशीनं बनवणं भारतात २०२४ च्या अखेरीस थांबलं. आर-३२ किंवा आर-४१०ए या नव्या गॅसचा दाब त्याच्या सुमारे १.६ पट असतो, आणि जुन्या तांब्याच्या पाइपात खनिज तेल राहिलेलं असतं, जे नव्या तेलाशी जमत नाही. म्हणून पाइप नवेच टाका. ब्रेझिंग (पाइपांचे सांधे डाग देऊन जोडणं) करताना आतून हळू नायट्रोजन सोडायला लावा, नाहीतर आत काजळी धरते. मग कंपनीने सांगितलेल्या दाबावर नायट्रोजन भरून गळती तपासायला २४ तास ठेवा. त्यानंतर पंपाने ५०० मायक्रॉनपर्यंत (आत उरलेल्या दाबाचं माप) व्हॅक्यूम. गॅस सोडून पाइपातली हवा ‘बाहेर काढणारा’ मेकॅनिक परत पाठवा. आतली ओल नवं तेल आणि कॉम्प्रेसर दोन्ही खराब करते.

ड्रेन

पावसाळ्यात एका मोठ्या मशीनमधून तासाला काही लिटर पाणी निघतं. पाइप किमान २५ मिमीचा हवा, उतार मीटरला १ सेमी, आणि तोही इन्सुलेशन घालून. कॉइलनंतर ब्लोअर असलेल्या मशीनमध्ये ट्रेमधली हवा आत ओढली जाते, त्यामुळे यू-ट्रॅप (पाणी साठून राहणारं पाइपाचं यू आकाराचं वळण) नसेल तर पाणी ट्रेमध्येच तुंबतं आणि मशीन थांबल्यावर छतावर सांडतं. ट्रॅप ७५ ते १०० मिमी खोल ठेवा. घर बरेच दिवस बंद राहिलं असेल, तर मशीन लावण्याआधी त्यात पाणी ओता. बाहेरच्या टोकाला कुंभारमाशी घर करते, तिथे जाळी लावा. माळ्यावरच्या मशीनखाली फ्लोट स्विच (पाणी चढलं की मशीन बंद करणारा) असलेला जादा ट्रे घालायलाच हवा.

आउटडोअर युनिट कुठेही टांगणं

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर छपरंच्या छपरं उडाली. मातीत बांधलेल्या जुन्या चिऱ्याच्या भिंतीत साधा फास्टनर धरत नाही. युनिट जमिनीवर ३०-४५ सेमीच्या काँक्रीट चौथऱ्यावर बसवा. भिंतीवरच लावायचं असेल, तर बोल्ट आरपार नेऊन दोन्ही बाजूंना प्लेट द्या. समुद्राजवळ बोल्ट एसएस ३१६ (मीठ सोसणारं स्टेनलेस स्टील) चेच घ्या. कॉइलचं कोटिंग कारखान्यातूनच करून घ्या. जागेवर फवारलेलं कोटिंग सगळीकडे सारखं बसत नाही.

युनिट समुद्राच्या विरुद्ध बाजूला ठेवा, पण पागोळीखाली लपवू नका. तिथे मीठ बसतं आणि पाऊस ते धुऊन नेत नाही. डिसेंबर ते मे दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याने कमी दाबाने धुवा. खाडीलगतच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, ते वापरलं तर मीठच चढेल.

वीज

थ्री-फेज मशीन असेल, तर ते येण्याआधी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्या. जांभ्याच्या कातळात अर्थिंग धरत नाही आणि मे महिन्यात खड्डा पार कोरडा पडतो. बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरून घ्या आणि मोजणी ऐन मेमध्येच करा, रीडिंग ५ ओहमच्या आत हवं. पावसाच्या सुरुवातीच्या विजा इन्व्हर्टरचं कार्ड जाळतात, म्हणून मुख्य बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवा. अर्थिंग नीट नसेल, तर तोही काही वाचवत नाही.