शिक्षकांना विचार करायला लावणारे प्रश्न काढायला शिकवायचंय? माझा ठाणे-नवी मुंबईतला अनुभव

आमच्या इकडे बरेच शिक्षक आता शिकवता शिकवता ट्रेनिंगकडे वळतायत. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत बोलायला सांगतात, एखाद्या शाळेत कार्यशाळा असते तिथे सुलभक म्हणून, म्हणजे कार्यशाळा घ्यायला, जायला मिळतं, आणि हल्ली विषय फिरून फिरून तोच असतो, उच्चस्तरीय विचारकौशल्यांचे प्रश्न कसे काढायचे, सगळे त्याला हॉट्सच म्हणतात. मी नवी मुंबईत १४ वर्षं विज्ञान शिकवतेय आणि गेली ६ वर्षं ठाण्यापासून शहापूर-मुरबाडपर्यंत शिक्षकांच्या कार्यशाळा घेतेय. नवीन येणारे मला विचारतात की सुरुवात कुठून करू, कुठली पीपीटी वापरू, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

पीपीटीचंच आधी सांगते. माझं पहिलं सेशन ठाण्यातल्या एका शाळेत होतं, साधारण ४० शिक्षक. मी ब्लूमची वर्गवारी, म्हणजे विचारांच्या चढत्या पायऱ्या, घेऊन गेले होते, १९५६ ची मूळ, मग २००१ मध्ये अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी सुधारलेली, स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती, आणि प्रत्येक पायरीसमोर क्रियापदांची यादी. सगळ्यांनी फोटो काढले. जेवणानंतर प्रत्येकाने ५ प्रश्न लिहिले, मी खुश होऊन ते कागद घरी आणले आणि रात्री वाचायला बसले. ‘वनस्पतींमधील श्वसनाचे विश्लेषण करा.’ ‘जलप्रदूषणाच्या कारणांचे मूल्यमापन करा.’ जुनेच प्रश्न, फक्त ‘स्पष्ट करा’च्या जागी यादीतला शब्द आलेला, आणि उत्तर पुस्तकातला तोच परिच्छेद. यात शिक्षकांची काही चूक नव्हती, मी यादी दिली म्हणून त्यांनी यादी वापरली.

त्या रात्री जे कळलं तेच मी आजपर्यंत शिकवतेय. प्रश्न वरच्या पातळीचा आहे की नाही हे नुसत्या प्रश्नाकडे बघून ठरत नाही, त्या मुलाला त्या प्रश्नाचं उत्तर आधी मिळालंय का यावर ठरतं. ‘कारणे द्या’ ऐकायला किती छान वाटतं, पण कारण गाईडमध्ये छापलेलं असेल तर ते स्मरणच.

इतिहासाचं उदाहरण घ्या. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी रेल्वे धावली हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. एका सरांनी मस्त प्रश्न काढला, तू त्या काळात ठाण्याच्या खाडीतून होडीने माल नेणारा आहेस, गाडी सुरू झाली, तुझ्या धंद्याचं काय होईल, एक फायदा आणि एक तोटा कारणासकट लिही. पहिल्या वर्षी मुलांनी काय काय लिहिलं, कोणी म्हणालं स्टेशनपासून घाटापर्यंत माल न्यायचं नवीन काम मिळेल, कोणी म्हणालं भरती-ओहोटीची वाट बघायला नको म्हणून व्यापारी रेल्वेकडे जातील. पुढच्या वर्षी सरांनी परीक्षेआधी सरावाला तोच प्रश्न घेतला, उत्तर फळ्यावर लिहून दिलं, आणि सगळ्या पेपरांत तीच चार वाक्यं आली. शब्द तेच होते, पण प्रश्न आता पाठांतराचा झाला होता. नवीन सुलभकांनी हा किस्सा जरूर सांगावा, दहा स्लाइडचं काम करतो.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग, यावर मी निम्मा दिवस घालवते. प्रश्न काढणं त्यामानाने सोपं आहे, तपासणं अवघड आहे. मी एक प्रश्न नेते: ‘जुलै महिना आहे, बाहेर पाऊस चालू आहे. घणसोलीत शेजारी शेजारी दोन सारख्या खोल्या. सलमाच्या आईने खिडकी बंद करून पंखा लावलाय, रोहनच्या आईने खिडकी उघडी ठेवलीय पण पंखा बंद. सारखेच ओले कपडे कुठे आधी सुकतील? तुला असं का वाटतं? नक्की सांगायला अजून कोणती माहिती लागेल?’ गुण ३. मग मुलांची खरी उत्तरं वाटते, नावं काढून टाकलेली. त्यातलं एक असं होतं, ‘पंखावाली कडे आधी सुकेल पण थोड्या वेळाने नाही सुकणार कारण खोलीत सगळी ओल भरली मग पाणी कुठे जाईल.’ शुद्धलेखनाच्या चुका, ‘बाष्पीभवन’ हा शब्द कुठेच नाही. शिक्षकांना म्हणते, आपापसात न बोलता गुण द्या. आकडे फळ्यावर लिहिले की ० पासून ३ पर्यंत सगळं असतं. दरवेळी. एक बाई म्हणतात, मॅडम संज्ञा नाही, मी शून्य दिला, मागून एक सर उठतात की अहो पण आर्द्रतेचा मुद्दा तर याच पोराला कळलाय, आणि मग जी चर्चा सुरू होते ती थांबवू नका, चहा उशिरा झाला तरी चालेल. खरं ट्रेनिंग तिथेच होतं.

त्यानंतरच रुब्रिक, म्हणजे कशाला किती गुण याचे निकष, हा शब्द काढायचा, आधी नाही. तिघा-चौघांच्या गटात ठरवायला सांगा की या प्रश्नात ३ गुण कशाला, २ कशाला, १ कशाला, आणि प्रत्येक गुणासमोर मुलाच्या उत्तरातलं एक खरं वाक्य लिहायचं. ‘उत्तम विचार’, ‘समाधानकारक विचार’ असली भाषा फळ्यावर येऊ देऊ नका, ती कोणालाच तपासताना उपयोगी पडत नाही. आणि गुणदान योजना पेपर घेण्याआधी ठरली पाहिजे, नाहीतर ५० पेपरांच्या गठ्ठ्यात रात्री ११ वाजता माणूस आपोआप ओळखीचे शब्द शोधायला लागतो, मीही हे केलंय आणि त्यात मुलांचं नुकसान झालंय हे मला आज कळतं.

भाषेचा मुद्दा फार जण विसरतात. आमच्या वर्गात घरी भोजपुरी, कन्नड, तेलुगू बोलणारी मुलं असतात. तुम्ही विज्ञानाचा प्रश्न म्हणून १२ ओळींचा उतारा दिला तर तुम्ही वाचन तपासताय, विज्ञान नाही. वाक्यं छोटी करा, जमलं तर चित्र द्या, तोंडी उत्तर चालत असेल तर चालू द्या. तसंच संदर्भाचं. टॉवरच्या लिफ्टवर काढलेला वजनाचा प्रश्न ठाण्यात चालला, तोच शहापूरकडच्या आश्रमशाळेत नेला तर मुलं गप्प, कारण बहुतेकांनी लिफ्ट पाहिलेलीच नव्हती. तिथे विहिरीवरचा रहाट घेतला की धडाधड हात वर.

एक गोष्ट मला मनापासून खटकते, ‘हे प्रश्न हुशार मुलांसाठी, बाकीच्यांना रिकाम्या जागा भरू दे’. प्रत्येक कार्यशाळेत कोणीतरी हे म्हणतंच. वाद घालू नका, वरचं कपड्यांचं उत्तर पुन्हा वाचायला द्या, ते लिहिणारा मुलगा घटक चाचणीत कायम मागे असायचा. पण उलटी चूकही करू नका की पाठांतर वाईट. ज्याला हवेत बाष्प असतं हे माहीतच नाही तो विचार तरी कशावर करणार? माहिती लागतेच.

गणिताच्या शिक्षकांना वाटतं शाब्दिक उदाहरण म्हणजे उपयोजन झालं. आकडे बदललेलं शाब्दिक उदाहरण सरावच असतो. त्यांना चुकीवरून प्रश्न काढायला लावा. रेश्मा म्हणते ०.४५ हा ०.५ पेक्षा मोठा, कारण ४५ हा ५ पेक्षा मोठा आहे, तिचं कुठे चुकलं आणि तिला पटवायला कोणतं चित्र काढशील? असे प्रश्न वर्गातल्या वह्यांमध्ये रोज मिळतात. बहुपर्यायी प्रश्नातले चुकीचे पर्यायही इथूनच घ्यायचे, उगाच मनाने बनवायचे नाहीत. बहुपर्यायी म्हणजे खालच्या पातळीचा हा गैरसमज आहे, पर्याय नीट असतील तर तोही चांगलाच विचार करायला लावतो.

धोरणाचा भाग थोडक्यात उरका, शिक्षकांनी तो खूप ऐकलेला असतो. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयापासून आपल्याकडे आकारिक (शिकवता शिकवता चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटचं) मूल्यमापन आहे, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पाठांतरापेक्षा क्षमता तपासण्यावर भर आहे, आणि परख ही राष्ट्रीय मूल्यमापन संस्था त्यातूनच आली, एवढं पुरे. संविधान तक्त्याचं, म्हणजे पेपरात कुठल्या प्रकाराला किती गुण याच्या आराखड्याचं, मात्र बोला, कारण बी.एड. ला सगळ्यांनी ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य असे रकाने भरलेत आणि बहुतेकांनी पेपर आधी काढून तक्ता नंतर भरलाय. सगळा पेपर बदला असं सांगू नका, कोणी करणार नाही. २० गुणांच्या घटक चाचणीत असा एकच प्रश्न, महिनाभर, बास.

या कामात यायला वेगळी डिग्री लागतेच असं नाही, एम.एड. असेल तर दारं लवकर उघडतात हे खरं. पण वर्ग सोडू नका. ज्याच्याकडे चालू वर्षाच्या उत्तरपत्रिका नाहीत त्याचं शिक्षक ऐकून घेतात, पण मानत नाहीत. एका ठिकाणी मला आयोजकांनी ६ तासांचं सेशन आदल्या संध्याकाळी २ तासांवर आणलं, तेव्हा मी पीपीटी पूर्ण काढून टाकली आणि फक्त उत्तरं तपासायचा भाग ठेवला. तुमच्यावर अशी वेळ येईलच, तेव्हा तोच ठेवा.

आणि पहिल्या कार्यशाळेच्या आधी हे करून बघा: तुमचा प्रश्न स्वतः सोडवा, मग शेजारच्या वर्गातल्या ५ मुलांना द्या, त्यातली २ तरी अभ्यासात मागे असलेली हवीत, आणि लिहून झालं की त्यांच्याजवळ बसून विचारा की हे तू कसं ठरवलंस. माझे निम्मे प्रश्न या टप्प्यावरच बाद होतात. ती उत्तरं झेरॉक्स करा, नावं झाका, मुलांना आणि मुख्याध्यापकांना विचारून घ्या, आणि तेवढा गठ्ठा घेऊन जा.