गरम बाईक सुरू होत नाही? थंड होऊ देण्याआधी प्लग काढा
कार्बोरेटरची बाईक सकाळी एका किकमध्ये आणि तापल्यावर दहा किकनेही सुरू होत नसेल, तर तपासणी गरम असतानाच करा. थंड झाल्यावर दोष सापडत नाही. काढलेला स्पार्क प्लग पेट्रोलने ओला असेल तर चोक बंद करून, ॲक्सिलेटर पूर्ण पिळून पाच-सहा किक मारा. कोरडा असेल तर टाकीचं झाकण उघडा, त्यातलं हवेचं भोक तुंबलेलं असू शकतं. मग प्लग कॅपमध्ये घालून, सिलिंडरच्या भोकापासून लांब, इंजिनला टेकवून किक मारा. ठिणगी पिवळट किंवा गायब असेल तर पिकअप कॉइल (ठिणगीच्या वेळेचा सिग्नल देणारी) किंवा इग्निशन कॉइलवर (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) संशय घ्या. ठिणगी निळी, जोरदार असेल तर टॅपेट (वाल्व दाबून उघडणारे भाग) बघा. ते घट्ट असले की तापून लांबलेला वाल्व पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं. टॅपेट आणि वाल्वमधली गॅप मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, मॅन्युअलमधल्या मापानेच फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून ठेवा.