लहान मुलाला तोंडाने श्वास देताना या चुका टाळा

विहिरीतून किंवा शेततळ्यातून मूल बाहेर काढलं की पहिली चूक काठावरच होते. त्याला पाय धरून उलटं करतात, पोट दाबून पाणी काढू पाहतात. कृपा करून हे करू नका. पोटातलं पाणी काढून श्वास सुरू होत नाही. उलटी मात्र होते आणि ती फुप्फुसात जाऊ शकते. मुलांचं हृदय बहुतेक वेळा प्राणवायू न मिळाल्यानेच थांबतं, त्यामुळे नुसती छाती दाबून भागत नाही.

हाक मारून, थोपटून मूल हलत नसेल आणि १० सेकंदांत नीट श्वास दिसला नाही, तर लगेच सुरुवात करा. मधूनच येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. दुसऱ्या कुणाला १०८ किंवा ११२ लावायला सांगा. एकटे असाल तर फोन स्पीकरवर ठेवून हात चालू ठेवा.

हवा आत जात नसेल तर बहुधा मान चुकलेली असते. वर्षाच्या आतल्या बाळाचं डोकं मागून मोठं असतं, त्यामुळे सपाट जमिनीवर हनुवटी छातीकडे झुकते. खांद्यांखाली टॉवेलची पातळ घडी घाला, चेहरा सरळ आभाळाकडे हवा. मान फार मागे वाकवली तरी श्वासमार्ग दबतो. मोठ्या मुलाचं डोकं थोडं मागे कलवा. हनुवटी उचलताना बोटं हाडावर ठेवा. खालच्या मऊ भागावर दाब आला की जीभ मागे ढकलली जाते.

बाळाचं नाक-तोंड दोन्ही आपल्या तोंडात घ्या. मोठ्या मुलाचं नाक चिमटीत धरायला घाईत विसरतात आणि हवा तिथून निसटते.

फुंकर १ सेकंदाची, छाती वर येईल एवढीच. बाळाला गालात मावेल तेवढी हवा पुरते. जोरात फुंकलं की हवा पोटात जाते आणि उलटी होते. छाती खाली बसू द्या, मगच दुसरा श्वास. छाती उचललीच नाही तर मान पुन्हा नीट करा, तोंडात पाहा. दिसेल ते काढा, पण न दिसता बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते.

आधी २ श्वास (काही प्रशिक्षणांत ५ शिकवतात), मग ३० दाब आणि २ श्वास, असं चालू ठेवा. दाब मिनिटाला १०० ते १२०; बाळाची छाती सुमारे ४ सेंमी, मोठ्या मुलाची ५ सेंमी दाबा. उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड पुसा आणि पुन्हा सुरू करा.

मूल श्वास घेऊ लागलं तरी दवाखान्यात न्याच. बुडालेल्या मुलाला पुढच्या काही तासांत पुन्हा धाप लागू शकते.