मूळ पेशीदात्यांची नोंदणी करताना

मूळ पेशी (स्टेम सेल), म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशी, रुग्णाला देऊ इच्छिणाऱ्या दात्यांच्या नोंदणी शिबिरात समुपदेशक म्हणून बसू लागलो, तेव्हा सर्वाधिक वेळा कानी पडलेला प्रश्न असा होता: "माझा ओ निगेटिव्ह आहे, म्हणजे मी कोणालाही चालेन ना?" नव्याने या कामात येणाऱ्यांनी याचे उत्तर आधी तयार ठेवावे. येथे रक्तगट जुळावा लागत नाही. उलट या पेशींच्या प्रत्यारोपणानंतर रुग्णाचाच रक्तगट बदलून दात्याचा होतो. जुळवायचे असते ते एचएलए, म्हणजे सहाव्या गुणसूत्रावरील जनुकांनी ठरणारी पेशींची ओळखखूण. त्यातील पाच जनुकांच्या प्रत्येकी दोन प्रती तपासून दहापैकी दहा जुळणारा दाता शोधला जातो. निम्मी खूण आईकडून आणि निम्मी वडिलांकडून येत असल्यामुळे सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्केच असते, आणि म्हणूनच परक्या दात्यांची नोंदवही लागते.

पात्रतेचे निकष सांगायला सोपे आहेत. वय किमान १८ असावे (वरची मर्यादा प्रत्येक नोंदणी संस्थेची वेगळी असते), आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी किंवा सी, कर्करोग यांसारखे आजार नसावेत. गालाच्या आतून काडी फिरवून नमुना घेतात. वडापाव खाऊन थेट रांगेत आलेल्यांना मी आधी चूळ भरायला पाठवतो.

अवघड भाग पुढचा आहे. एका महाविद्यालयातील शिबिरात उत्साहाने नोंदणी केलेल्या मुलाची पुढे एका रुग्णाशी जुळणी झाली, पण "पाठीच्या कण्यातून काढतात" या समजुतीने त्याच्या आईने साफ नकार दिला. खरे तर बहुतेक वेळा चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन पेशी रक्तात उतरवतात आणि हाताच्या शिरेतून यंत्राद्वारे काही तासांत वेगळ्या करतात. अंग दुखते, डोके दुखते, पण कण्याला कोणी हात लावत नाही. अस्थिमज्जा, म्हणजे हाडाच्या आतला रक्त बनवणारा मऊ भाग, घ्यायचीच झाली, तर ती भूल देऊन कमरेच्या हाडातून घेतात. तो नकार निदान वेळेवर आला. प्रत्यारोपणाआधी तीव्र केमोथेरपीने रुग्णाची स्वतःची मज्जा नष्ट केली जाते, आणि त्यानंतर दात्याने माघार घेतली, तर रुग्णाच्या जिवावर बेतते.

तेव्हापासून अर्ज पुढे सरकवण्याआधी मी विचारतो, "घरी सांगितलंय का?" नाही म्हणणाऱ्याला माहितीपत्रक देऊन घरी पाठवतो, मग त्या दिवशीची नोंदणीसंख्या कमी भरली तरी चालेल.