ॲक्सेस उघडल्यावर पिवळी पट्टी आली तर

आमच्या वाचनालयाची देवघेव ॲक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या नोंदी ठेवायच्या (डेटाबेस) प्रोग्रॅममध्ये आहे आणि ती फाइल मी सांभाळतो. काउंटरवरून हमखास येणारा फोन असा: ‘काका, पुस्तक जमा करायचं बटण दाबतेय, काहीच होत नाही.’ मी आधी विचारतो, वर पिवळी पट्टी आहे का? बहुतेकदा असते.

पट्टी आली म्हणजे फाइल बिघडली असं नाही. ॲक्सेसने ती मॅक्रो आणि व्हीबीए कोड, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेल्या कामाच्या सूचना, बंद ठेवून उघडलेली असते. टेबलं दिसतात, फॉर्म उघडतात, पण बटणामागचा कोड चालत नाही. नोंदी घालणाऱ्या, बदलणाऱ्या, पुसणाऱ्या अपेंड, अपडेट, डिलीट या क्वेऱ्याही अडतात आणि ‘डिसेबल्ड मोड’मुळे अडवल्याचा मेसेज खालच्या स्टेटस बारवर येतो. तो बारीक अक्षरातला मेसेज कुणी वाचत नाही, म्हणून सगळे बटणालाच दोष देतात.

पट्टीवरचं ‘एनेबल कंटेंट’ बटण दाबण्याआधी फाइल कुठून आली ते बघा. तुमचीच रोजची असेल तर खुशाल दाबा. बाहेरून आली असेल तर पट्टी तशीच राहू द्या, ऑल्ट आणि एफ११ दाबून कोड वाचा, आणि ‘ऑटोएक्झेक’ नावाचा मॅक्रो असेल तर तो न चालवता डिझाइन व्ह्यूमध्ये उघडून बघा, कारण एरवी फाइल उघडताच तो आपोआप चालतो. पुस्तकांच्या नोंदी ठेवणाऱ्या फाइलला इंटरनेटवरून काही उतरवायची किंवा दुसरा प्रोग्रॅम सुरू करायची गरज काय? तसं काही दिसलं तर ज्याने फाइल दिली त्याला फोन करा. एसीसीडीई म्हणजे कोड झाकून दिलेली ॲक्सेस फाइल, तिच्यात कोड वाचताच येत नाही. ती फक्त बनवणाऱ्याच्या हातूनच घ्यावी.

एकदा ‘एनेबल’ केलं की ॲक्सेस त्या फाइलवरचा विश्वास लक्षात ठेवतं, पण नाव आणि जागा तीच असेपर्यंतच. काही ठिकाणी रोज तारीख घालून कॉपी काढतात आणि त्या कॉपीतच काम करतात. मग पट्टी रोज येणारच. कामाच्या फाइलचं नाव कायम ठेवा, तारीख बॅकअपला द्या.

कायमचा उपाय म्हणजे वेगळं फोल्डर. सी ड्राइव्हवर ‘देवघेव’ फोल्डर करा आणि त्यात तेवढी एकच फाइल ठेवा. मग फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, ट्रस्टेड लोकेशन्स या वाटेने जाऊन ते फोल्डर जोडा. डाउनलोड्स, डेस्कटॉप किंवा अख्खं डॉक्युमेंट्स कधीच जोडू नका. मेलमधून पडलेली कुठलीही फाइल तिथून बिनबोभाट चालेल. नेटवर्कवरच्या जागांना परवानगी देणारी खूणही रिकामीच ठेवा. विंडोजच्या प्रत्येक लॉगिनला हे वेगळं करावं लागतं. संध्याकाळच्या पाळीतल्या मुलीला पट्टी दिसते आणि सकाळच्या माणसाला दिसत नाही, त्याचं कारण बहुधा हेच.

पट्टी लाल असेल तर गोष्ट वेगळी. २०२२पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलचे मॅक्रो ऑफिस सरळ अडवतं आणि ‘एनेबल’चं बटणच देत नाही. फाइल ओळखीची असेल तर ॲक्सेस बंद करा, फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, जनरल टॅबच्या तळाशी ‘अनब्लॉक’वर खूण करा आणि ओके म्हणा.

या सगळ्याला कंटाळून कुणी ‘एनेबल ऑल मॅक्रोज’ निवडायला सांगेल. कृपा करून ऐकू नका. त्या एका खुणेने ॲक्सेसमध्ये पुढे उघडणाऱ्या जवळपास प्रत्येक फाइलला दार मोकळं होतं, आणि त्याच कॉम्प्युटरवर सभासदांचे पत्ते नि फोन नंबर असतात. आपल्या विश्वासावर त्यांनी ते दिलेले आहेत. ‘डिसेबल विथ नोटिफिकेशन’ हीच सेटिंग राहू द्या.

ॲक्सेसऐवजी लिब्रेऑफिस बेस हा तशाच कामाचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी टूल्स, ऑप्शन्स, लिब्रेऑफिस, सिक्युरिटी, मॅक्रो सिक्युरिटी इथे जावं. तिथे पातळी ‘हाय’च ठेवा आणि ‘ट्रस्टेड सोर्सेस’ टॅबमध्ये तेच एक फोल्डर जोडा.