या चुका टाळा: बडोद्याचा खेळ घेऊन लांगकावीला जाऊ नका

दिवाळी जवळ आली की आमच्यातल्या कुणाला तरी थायलंडमधल्या फुकेतचं नाहीतर मलेशियातल्या लांगकावीचं स्वस्त गोल्फ पॅकेज सापडतं. परत आल्यावर रडगाणं ठरलेलं: ‘कोर्स फार अवघड होता हो.’ पॅकेज स्वस्त का, हे कुणी विचारत नाही. अंदमान समुद्राच्या त्या बाजूला सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे ऐन पाऊस. डिसेंबर ते मार्च जा, चार पैसे जास्त मोजा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकच ग्लव्ह नेणं. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात हिवाळ्यात खेळताना एक चामडी ग्लव्ह महिना काढते. तिकडे दमटपणा असा की तिसऱ्या होलला ती भिजलेल्या पापडासारखी होते.

माझ्या साडूंना हे चारदा सांगून झालं होतं. ‘अहो, एवढं काय!’ म्हणत ते ओली ग्लव्ह पँटला पुसत राहिले. समुद्राकाठच्या एका कोर्सवर पाचव्या टीवर, म्हणजे पाचव्या होलचा पहिला फटका मारायच्या जागेवर, त्यांनी जीव खाऊन ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची काठी, फिरवला. बॉल जेमतेम चाळीस यार्ड गेला आणि ड्रायव्हर हातातून सुटून थेट तळ्यात. तो ड्रायव्हर माझा होता. कॅडीने गंभीर चेहऱ्याने सात नंबरचं आयर्न, म्हणजे त्याहून आखूड काठी, पुढे केलं. बडोद्याला आल्यावर साडूंनी ड्रायव्हरचं कव्हर मात्र आठवणीने परत दिलं.

तेव्हापासून मी तीन ग्लव्ह नेतो आणि दर दोन होलांनी बदलतो. काढलेली छत्रीच्या दांड्याला अडकवतो. पावसासाठीची खास जोडी वेगळी, ती ओली झाली की उलट जास्त घट्ट धरते. रात्री काठ्यांच्या मुठी, म्हणजे ग्रिप, भांड्याच्या साबणाने धुऊन कोरड्या करतो. बायको हसते, हसू दे.

दुसरी चूक: ग्रीनवर, म्हणजे कपाभोवतीच्या बारीक गवतावर, नुसता उतार बघून पट (बॉल घरंगळवत कपात नेणारा फटका) मारणं. बर्म्युडा गवत आडवं वाढतं, ते ज्या दिशेला झुकतं तिला ग्रेन म्हणतात. तुमच्याकडून पुढे बघताना गवत चकाकत असेल तर ग्रेन पुढे, बॉल पळतो. काळपट दिसलं तर बॉल अडतो. शंका असेल तर कपाची कड बघा. जी बाजू फाटल्यासारखी विस्कटलेली, तिकडे ग्रेन. हे समजायला दोन मिनिटं वाकावं लागतं. नवशिक्यांना तेवढा धीर नसतो, त्यांना मोबाइलवरचं ॲप हवं असतं.

फेअरवेवर, म्हणजे टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर, बॉल स्वतःच्याच खड्ड्यात रुतला तर चिखलातून हाणू नका, तिथे दंडाशिवाय ड्रॉप मिळतो, म्हणजे बॉल उचलून शेजारी टाकता येतो. झाडीत गेलेला बॉल तीन मिनिटं शोधायचा. त्यानंतर तो माकडांचा.

वाळूतून बॉल काढायच्या काठीचा, सँड वेजचा, सराव करून लांगकावीतल्या तेलुक दाताईच्या एल्स क्लबला जाणाऱ्यांना आधीच सांगतो: तिथे बंकर, म्हणजे वाळूचे खड्डेच नाहीत. त्या पावसात वाळू टिकणार कशी?

आणि सायरन. एक लांब सायरन म्हणजे खेळ त्या क्षणी बंद. ‘एवढा पट मारून घेतो’ चालत नाही, गोल्फचा नियम ५.७ वाचा. सायरन नसला तरी विजेची भीती वाटली तर स्वतःहून थांबता येतं. मी पहिल्या गडगडाटालाच बॅग उचलतो. साडू मला भित्रा म्हणतात, पण आता माझ्या पाठोपाठ येतात.